जहाँआरा रत्नागिरीला जेवायला जाते

अकोल्याच्या जुन्या शहरात सोयरीक जुळवायची असली की शहाणी माणसं आधी जहाँआराच्या ओट्यावर येऊन बसतात. ती काही मध्यस्थ नाही. ती लग्नाकार्यात लंबी रोटी करते. लोण्यासारखं मऊ भिजवलेलं गव्हाचं पीठ दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवायचं आणि पेटत्या चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद पसरायचं, हे तिचं काम. हे काम करणारीचं तोंड चुलीकडे असतं, कान मात्र मोकळे असतात. मांडवाच्या पुढच्या बाजूला हसून हसून अत्तर लावणारी माणसं मागच्या बाजूला भांडी घासणारीवर कशी खेकसतात, हे तिने पुष्कळ पाहिलंय.

"घर पाहाचं असन तं शेवटच्या पंगतीत बसा," ती सांगते. "पयल्या पंगतीले तं कोनीबी खाऊ घालते."

बाई पहिल्यापासून चौकस. चौकस म्हणजे किती, तर पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा टाके ओले असताना ती शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या डब्यात काय आहे ते पाहायला उठून बसली आणि नर्सची बोलणी खाल्ली. डब्यात कढी आणि डाळीचे फुणके होते. फुणके वाफवले की तळले, हे विचारून घेतल्यावरच ती आडवी झाली. गल्लीत कुणाकडे नव्या पद्धतीची भाजी शिजली आणि जहाँआराला कळलं नाही, असं सहसा होत नाही.

तर अशा बाईवर स्वतःच्याच लेकीचं घर पाहायची पाळी आली.

लेक उज्मा, एकुलती एक. नर्सिंग शिकली आणि रत्नागिरीच्या एका दवाखान्यात नोकरीला लागली, त्याला आता तीन वर्षं होत आली. एके दिवशी तिने फोनवर इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सांगितलं की त्याच दवाखान्यात एक्स-रे काढणारा उसामा सोलकर नावाचा मुलगा आहे, घरचे चांगले आहेत, वडील कुवेतला असतात आणि आई मिरकरवाड्याजवळ खानावळ चालवते. "अम्मी, तू येऊन पाय," ती म्हणाली. "तू नाई म्हटलं तं नाई. मी तुह्या शब्दाबाहेर नाई जानार."

असं म्हटल्यावर आईची झोप उडते, हे पोरींना कळत नाही. नाही म्हणावं तर पोरीचं मन मोडतं. हो म्हणावं तर पोर रात्रभराच्या प्रवासावर, जिथली माणसं, जिथलं पाणी, जिथली मीठ-मिरची आपल्याला ठाऊक नाही. उज्माचे अब्बा असते तर दोघांनी मिळून डोकं खाजवलं असतं. पण ते चार वर्षांपूर्वीच गेले. त्यातून कुणीतरी जहाँआराच्या कानात सांगितलं होतं की समुद्राकडचे लोक वाढताना हात आखडता घेतात. ऐकीवच गोष्ट, पण ती तिच्या मनात घर करून बसली.

तिने हिवरखेडहून आपल्या थोरल्या भावाला बोलावून घेतलं. अब्दुल रहीमचं तिथे गाद्या भरायचं दुकान आहे. माणूस भला, पोट मोठं, आणि जेवणाच्या बाबतीत लाजलज्जा कोळून प्यायलेला. ही भावंडं घरात उर्दू बोलतात, पण गावात वाढलेली असल्यामुळे भांडायचं झालं की वऱ्हाडीवर येतात. प्रवासभर ती वऱ्हाडीतच बोलत होती, यावरून काय ते समजा.

सोलकरांकडे रविवारी यायचं कळवलं होतं. दोघं मडगावच्या गाडीने शनिवारीच पोचली. उज्माची संध्याकाळपर्यंत ड्यूटी होती. "दिवसभर फिरा, खा, आराम करा," असं म्हणून तिने आईला लॉजवर पोचवलं आणि ती दवाखान्यात गेली. एक दिवस आधी यायचं कारण जहाँआराने तिला सांगितलं नाही. रहीमभाईला मात्र सांगावं लागलं.

"आज आपन गिऱ्हाईक बनून त्यांच्या खानावळीत जेवाले जानार. उशिरा. शेवटच्या पंगतीले."

"अन् तवरिक?" रहीमभाईने विचारलं.

"तवरिक काय?"

"तवरिक उपाशी ठेवते का मले?"

रिक्षावाल्याला विचारून ते एका छोट्या हॉटेलात गेले. तिथे एक बाई घावन घालत होती. तांदळाचं पातळ पीठ तिने तव्यावर भिरकावलं, त्याला जाळी पडली, कडा सुटल्या आणि क्षणात पांढरंशुभ्र घावन ताटात आलं. सोबत गूळ घातलेलं नारळाचं दूध. रहीमभाई खायला बसला. जहाँआरा तव्याजवळ जाऊन उभी राहिली.

"पीठ हातावर नाई घेत तुमी?"

"हातावर कसं घेणार? पाणी आहे ते," बाई हसली.

"अन् फाटत नाई?"

"तवा तापला असेल तर नाही फाटत."

हे मात्र जहाँआराला पटलं. मडक्याचंही तेच असतं. तिने घावन उजेडात धरून पाहिलं, जाळीतून पलीकडची भिंत दिसते का ते पाहिलं, मग खाल्लं. तिला ते इतकं आवडलं की आणखी तीन सहज गेली असती. बाईने विचारलं, "अजून घालू?" जहाँआरा म्हणाली, "नको, नको." बाई म्हणाली, "बरं," आणि तिने तव्याखालची आच कमी केली.

जहाँआरा जराशी चकित झाली. पण हॉटेलच ते, घर थोडंच आहे, असं म्हणून तिने हात धुतले.

तिथून ती मासे पाहायला बंदरावर गेली. आमच्याकडे मासे म्हणजे काटेपूर्णा धरणातली रोहू आणि मरळ. इथे टोपल्यांमध्ये सगळ्या रंगांचा बाजार मांडलेला. प्रत्येक टोपलीपाशी ती वाकायची. ह्याले काय म्हनते? अन् ह्याले? हे चपटं कसं कापाचं? ह्याचे डोये असे लाल काहून? एक कोळीण सात-आठ नावं सांगून दमली आणि म्हणाली, "ताई, मासे घ्यायचे आहेत की परीक्षेला बसायचंय?" रहीमभाई पोट धरून हसला. जहाँआराला राग आला नाही. तिने सुरमई कशी ओळखायची तेवढं विचारून घेतलं.

दुपार कलली तशी दोघं सोलकरांच्या खानावळीपाशी आली. पत्र्याचं छप्पर, धुतलेली फरशी, पाच-सहा टेबलं. बहुतेक गिऱ्हाइकं जेवून गेली होती. उंच, सडपातळ, ओढणी कानामागे खोचलेली एक बाई टेबल पुसत होती. ही रुकय्याबी, मुलाची आई, हे जहाँआराने उज्माने पाठवलेल्या फोटोवरून ओळखलं. रुकय्याबीला ही दोघं कोण, हे कळायचं काही कारण नव्हतं.

"जेवन भेटन का?" रहीमभाईने विचारलं.

रुकय्याबीने आत एकदा पाहिलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बसा."

ते क्षणभर थांबणं जहाँआराने टिपलं.

ताटं आली. तांदळाची भाकरी, नारळ-आमसुलाचं कालवण, भात आणि तळलेल्या सुरमईची एकेक तुकडी. जहाँआराने पहिला घास घेतला आणि तिचे डोळे मिटले. तिखट आमच्यासारखं नाही, तर्री नाही, पण चव जिभेवरून जायला तयार नाही. आंबटपणा कशाचा, नारळ भाजलेला की कच्चा, मासा आधी मिठात ठेवला होता का, असे दहा प्रश्न तिच्या तोंडाशी आले आणि तिने ते गिळले. आज ती परीक्षा घ्यायला आली होती.

रुकय्याबी परातीत तुकड्या घेऊन आली. "अजून देऊ एक?"

"नको, नको, झालं," जहाँआरा म्हणाली.

"बरं. तुम्हाला?"

"आना की!" रहीमभाई म्हणाला.

आता इथे आमच्या वऱ्हाडची रीत सांगायला हवी. आमच्याकडे वाढणाऱ्याने विचारलं की जेवणाऱ्याने नको म्हणायचं. पुन्हा विचारलं की पुन्हा नको म्हणायचं. तिसऱ्या वेळेला वाढणारा विचारत नाही, सरळ वाढतो. जेवणारा ताटावर आडवा हात धरतो आणि वाढणारा बोटांच्या फटीतून रस्सा सोडतो. मग जेवणारा "अरे बाप्पा, काय करून राहिले!" असं ओरडतो आणि सगळं चाटूनपुसून खातो. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणाऱ्याला हावरट म्हणतात. रहीमभाईला लहानपणापासून म्हणतातच.

रुकय्याबी पुन्हा आली. जहाँआराने पुन्हा नको म्हटलं आणि हात ताटापासून मुद्दाम जरा लांब ठेवला, वाढणाऱ्याची अडचण व्हायला नको म्हणून. रुकय्याबी "बरं" म्हणून रहीमभाईकडे वळली. तिसऱ्यांदा ती आलीच, पण जहाँआराच्या बाजूला वळलीसुद्धा नाही. रहीमभाईने चार तुकड्या खाल्ल्या आणि वर भात दोनदा घेतला. जहाँआरा ताटात पहिल्यांदा आलं तेवढ्यावरच उठली. पोटात कावळे ओरडत होते.

"मानसं लय दिलदार हाय बाप्पा," बाहेर आल्यावर रहीमभाई ढेकर देत म्हणाला.

"दिलदार?" जहाँआरा रस्त्यातच थांबली. "तुले मांगून भेटलं. मले कोनी एक डाव आग्रह केला? नको म्हटलं तं बाई बरं म्हनते! पाह्यलं, आपन आलो तवा कशी थांबली होती? शेवटच्या पंगतीचं जिवावर आलं होतं तिच्या. पोर देऊ मी ह्या घरी? पोरीनं एक डाव नको म्हटलं तं उपाशी झोपवतीन तिले!"

भावंडांचं हे भांडण भाट्याच्या किनाऱ्यापर्यंत चाललं. जहाँआरा समुद्र पहिल्यांदाच पाहत होती. एरवी तिने त्यालाही शंभर प्रश्न विचारले असते. आज ती त्याच्याकडे पाठ करून वाळूत बसली.

संध्याकाळी उज्मा ड्यूटी संपवून तशीच आली. आईचा चेहरा पाहून तिचं हसू मावळलं.

"बेटा, ह्या घरी नाई," जहाँआरा म्हणाली.

उज्माच्या डोळ्यांत पाणी आलं. काय झालं म्हणून तिने विचारलं, तेव्हा जहाँआराने सगळं सांगितलं. खानावळ, परात, नको, बरं. ऐकता ऐकता उज्माचं रडणं थांबलं.

"अम्मी, तू नको म्हटलं होतं ना?"

"म्हटलंच. मंग? पयल्याच डावाले हो म्हनू? मी काय रहीमभाई हाय?"

"इथी नको म्हटलं का नकोच समजतात. मी आली तवा पयल्या ईदले मैत्रिणीच्या घरी गेली होती. नको-नको करत रायली अन् उपाशी वापस आली. हॉस्टेलवर येऊन बिस्किटं खाल्ली."

रहीमभाईला हसू आवरेना. उज्मा मात्र वाळूवर रेघा ओढत बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "अम्मी, उसामानं पयल्या वर्षीच इचारलं होतं मले. मी नको म्हटलं. मनात होतं, तरी म्हटलं. मले वाटलं, अजून इचारन. तो बरं म्हनला अन् चालला गेला. मंग बोलत रायला, मदत करत रायला, पन ती गोष्ट पुन्हा नाई काढली. एकदाबी नाई. मी वाट पाहू पाहू थकली. शेवटी मीच त्याच्यापाशी गेली अन् सांगतलं, का आता मले हो म्हनाचं हाय."

रहीमभाई आणखी जोरात हसला. "पाय, पाय! पोरीनंच मागनी घातली!"

जहाँआरा हसली नाही.

तिला हिवरखेडचं माहेरचं घर आठवलं. ती पंधरा वर्षांची होती. सातवी झाली होती आणि पुढे शिकायचं होतं. अकोल्याचे पाहुणे आले, पसंत करून गेले. ती आईला म्हणाली, मले नाई कराची शादी. आत्याला म्हणाली. काकूला म्हणाली. सगळ्या हसल्या. लाजून राहिली, म्हणाल्या. ती पुन्हा नको म्हणायला लागली, तर काकूने बोलता बोलताच तिच्या तोंडात साखरेची चिमूट घातली. ती साखर तिला गिळावी लागली. निकाहाच्या दिवशी विचारायला आले तेव्हा ती गप्प बसली, आणि गप्प बसली म्हणजे कबूल आहे असं सगळ्यांनी धरलं. साखर घातली तेव्हा दारात उभा राहून सगळ्यांत मोठ्याने हसला होता तो रहीमभाई. अठरा वर्षांचा होता तो, त्याला तरी काय कळत होतं.

नवरा वाईट नव्हता. संसार झाला, लेक झाली, दिवस गेले. पण आज इतक्या वर्षांनी वाळूत बसल्या बसल्या जहाँआराला राग आला. खरा, ताजा राग. त्या घरभर माणसांत एकानेसुद्धा "बरं" म्हटलं नव्हतं. आग्रहाची रीत म्हणून आपण जिचा एवढा बडेजाव करतो, तीच रीत आपल्या तोंडावर हात ठेवून गेली होती, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

"रहीमभाई," ती म्हणाली, "मले साखर खाऊ घातली होती. आठवते?"

रहीमभाईचं हसू थांबलं. त्याला आठवत होतं. त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"उज्मा," जहाँआराने लेकीचा हात हातात घेतला, "खरं सांग. लाजू नको. नको असन तं नको म्हन, मी तुले दुसऱ्या डावाले नाई इचारनार."

"मले पायजे, अम्मी."

"बरं," जहाँआरा म्हणाली. हा शब्द तिने आयुष्यात इतक्या लवकर कधी उच्चारला नव्हता. पण लगेच तिने वाळू झटकली आणि कंबर कसली. "पन ऐकनं येगयं अन् खाऊ घालनं येगयं. आपन आलो तवा ते बाई थांबली काहून होती, हे समजल्याबिगर मी जबान देत नसते."

रविवारी दुपारी तिघं सोलकरांकडे गेली. खानावळीच्या मागेच घर. दार रुकय्याबीने उघडलं, उज्माला जवळ घेतलं, जहाँआराला सलाम करता करता तिच्याकडे आणि मागे उभ्या रहीमभाईकडे नजर जाताच ती थबकली.

"तुम्ही कालचे!"

रहीमभाईने टोपी सरळ केली. जहाँआराला वाटलं, धरणी दुभंगली तर बरं. एवढ्यात आतून उसामा बाहेर आला. आईने त्याला कानात सांगितलं आणि तो खो खो हसायला लागला. "म्हणजे माझी सुरमई मामूंनी खाल्ली!"

"उसामा!" रुकय्याबी दटावत म्हणाली.

पण जहाँआराने ते सोडलं नाही. चौकस बाई ती. "तुही सुरमई म्हंजे?"

सांगावंच लागलं. काल ते दोघं आले तेव्हा खानावळीतली तळलेली मासळी संपली होती. आत होती ती घरची, रुकय्याबी, उसामा आणि कामावरच्या दोन बायकांच्या वाटणीची. ती काढायची तर घरच्यांना काय द्यायचं, म्हणून रुकय्याबी दारात क्षणभर थांबली होती. मग सगळ्यांनी डाळ-भात आणि सुकटीची चटणी खाल्ली.

"मंग संपलं म्हनून सांगतलं काहून नाई?" जहाँआराने विचारलं.

"शेवटी आलेलं माणूस जास्त भुकेलेलं असतं," रुकय्याबी म्हणाली. "त्याला संपलं म्हणून कसं सांगू? पण तुम्ही काही घेतलंच नाहीत. मी रात्री उसामाला म्हटलं, त्या बाईंना आपल्या हातचं रुचलं नाही. मला झोप लागली नाही नीट."

जहाँआरा इतक्या वर्षांत इतक्या मांडवांच्या मागे उभी राहिली, पण घरच्यांच्या ताटातलं काढून अनोळख्या गिऱ्हाइकाला वाढणारं घर तिने पाहिलं नव्हतं. आणि त्याच घरावर काल भर रस्त्यात तिने तोंडसुख घेतलं होतं.

जेवणं वाढली गेली. आज सुरमई भरपूर होती. रुकय्याबीने उज्माला विचारलं, रहीमभाईला विचारायची गरज नव्हती, आणि मग ती परात घेऊन जहाँआरापुढे येऊन उभी राहिली. पण तिने लगेच विचारलं नाही. आधी दुसरंच विचारलं.

"मुलीचं काय ठरवलंत तुम्ही?"

उज्माचा घास हातातच राहिला. उसामा खाली पाहू लागला.

"हो," जहाँआरा म्हणाली. "माह्याकडून हो हाय."

रुकय्याबीचे डोळे भरले. तिने ओढणीने ते टिपले आणि हातातली परात पुढे केली. "देऊ?"

नको, नको, हे जहाँआराच्या जिभेवर आलंच. चाळीस वर्षांची सवय ती. तिने तो शब्द गिळला आणि ताट दोन्ही हातांनी पुढे सरकवलं.

"द्या. दोन द्या. काल उपाशी गेली होती मी."

रहीमभाईला ठसका लागला. रुकय्याबी हसत हसत वाढायला वाकली, तेव्हा जहाँआराने तिचं मनगट धरलं.

"एक मांगू का तुमाले?"

"मागा ना."

"माह्या पोरीले असंच इचारत जा. अन् ते नको म्हनली, तं काल मले म्हटलं तसंच बरं म्हनत जा."

रुकय्याबीला त्यात मागण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. तिने ताटात दोन तुकड्या ठेवल्या, तिसरी ठेवायला हात उचलला, जहाँआराकडे पाहिलं आणि थांबली.

"बरं," ती म्हणाली.